वहीत आठ, तारेत पाच: शाखांच्या फोनमर्यादेच्या प्रकल्प नोंदी

३ जून, सोमवार

शाखा ‘ख’ची तक्रार तिसऱ्यांदा आली. सकाळी ११ ते १२ या तासात फोनवरचा आवाज तुटतो. आधीच्या दोन वेळा आम्ही एकदा फोन बदलला, एकदा केबल बदलली आणि तक्रार बंद करून टाकली. आज रिसेप्शनवरच्या ताईंनी जे सांगितलं ते आधी कुणी सांगितलं नव्हतं, किंवा आम्ही विचारलं नव्हतं. “एकट्याचा नाही हो, सगळ्यांचाच एकदम तुटतो. आणि कुणीतरी फोन ठेवला की बाकीच्यांचा लगेच सुधारतो.” निम्मं निदान त्यांनीच करून दिलं.

मांडणी लिहून ठेवतो, पुढे लागेल. कॉल सर्व्हर, म्हणजे नेटवर्कवरचे फोन एकमेकांना जोडून देणारं यंत्र, मुख्य कार्यालयात. शाखा ‘क’, शाखा ‘ख’ आणि गोदाम ही तिन्ही ठिकाणं व्हीपीएन टनेलने (सगळं सांकेतिक करून नेणारी वाट) मुख्य कार्यालयाला जोडलेली. ‘ख’ची लाइन दोन्ही दिशांना सेकंदाला २ मेगाबिटची (मेगाबिट-किलोबिटचे पुढचे वेगही सेकंदाचेच). त्यातले ३३ टक्के, म्हणजे ६६० किलोबिट, राउटरवर आवाजाच्या प्रायॉरिटी क्यूसाठी (आधी सोडायच्या रांगेसाठी) राखलेले. कॉल सर्व्हरवर ‘ख’ची मर्यादा ६४० किलोबिट. कोडेक (आवाज आकड्यांत बदलायची पद्धत) जी.७११, एका कॉलला ८० धरलेले, म्हणजे आठ कॉल. ६४० हे ६६० मध्ये बसतात. कागदावर चूक सापडत नाही.

५ जून, बुधवार

साडेदहापासून ‘ख’मध्ये जाऊन बसलो. एका खिडकीत चालू कॉलची संख्या, दुसरीत राउटरची आकडेवारी. सहा कॉलपर्यंत सगळं ठीक. सातवा लागला आणि प्रायॉरिटी क्यूमधून गळणाऱ्या पॅकेटचा, म्हणजे आवाजाच्या छोट्या तुकड्यांचा, आकडा पळायला लागला. शेजारच्या टेबलावर “हॅलो? हॅलो?” सुरू झालं. आठव्याला तर एका बाईंनी फोन ठेवून मोबाइल काढला. त्यांनी ठेवल्यावर उरलेल्या सातांना जरा बरं ऐकू येऊ लागलं, पण जराच.

सगळ्यांचाच आवाज का जातो, हे नव्या सहकाऱ्याला समजावताना मलाही नीट मांडावं लागलं. प्रायॉरिटी क्यू म्हणजे एक सौदा आहे. आवाजाची पॅकेट बाकी सगळ्यांच्या आधी जातील, पण लाइन भरलेली असताना ठरलेल्या ६६० च्या वरची छाटली जातील. ही छाटणी नसती तर आवाजानेच सगळी लाइन खाल्ली असती. राउटरला मात्र ‘सातवा कॉल’ असं काही दिसत नाही. त्याला फक्त पॅकेट दिसतात, सगळी सारखीच, सगळ्यांवर एकच खूण. जे पॅकेट चुकीच्या क्षणी आलं ते गेलं, मग ते कुणाचंही असो. उशिरा आलेल्या एकाची शिक्षा सातांना वाटून मिळते.

जुन्या ई१ या डिजिटल टेलिफोन लाइनवर हा प्रश्नच नव्हता. ३० चॅनल असायचे, ३१ व्याला एंगेज टोन मिळायचा आणि आधीच्या तिसांना त्याचा पत्ताही लागत नसे. आयपी नेटवर्कला असा नैसर्गिक काठ नाही, ते कुणालाही आत घेतं. म्हणून कॉल लागण्याआधीच ‘जागा नाही’ म्हणणारं कुणीतरी वेगळं बसवावं लागतं. त्यालाच कॉल ॲडमिशन कंट्रोल म्हणतात. आमच्याकडे ते आहे, चालू आहे, आणि आठ कॉलपर्यंत खुशाल ‘या’ म्हणतंय.

६ जून, गुरुवार

आजचा दिवस सार्थकी लागला.

आधी सर्व्हरच्या हिशेबाची रीत पाहिली. हे प्रकरण म्हणजे निव्वळ एक वही आहे. कॉल लागला की ठिकाणाच्या शिलकेतून ८० वजा, संपला की ८० जमा. लाइन प्रत्यक्ष किती भरली, याच्याशी वहीचा काडीचा संबंध नाही. ती मोजत नाही, फक्त लिहिते. लाइनचा वेग अर्ध्यावर आला तरी वहीत शिल्लक तेवढीच.

मग तो ८० कुठून आला? जी.७११ चा आवाज ६४ किलोबिट. दर २० मिलिसेकंदांना एक पॅकेट, सेकंदाला ५०. प्रत्येकात आवाजाचे १६० बाइट, वर आरटीपीचे १२, यूडीपीचे ८ आणि आयपीचे २० असे हेडरचे (पॅकेटवरच्या पत्त्या-क्रमांकांचे) ४० बाइट. एकूण २०० बाइट, गुणिले ८, गुणिले ५०, बरोबर ८० किलोबिट. हिशेब चोख आहे, पण तो उघड्या पॅकेटचा.

आमचं पॅकेट उघडं जात नाही, टनेलमधून जातं. राउटरच्या बाहेरच्या बाजूला पॅकेट पकडून पाहिली. २०० बाइटला आयपीसेकचे (टनेलमधल्या कुलपाचे) शेवटचे २ बाइट लागले की २०२. एईएस-सीबीसी ही सांकेतिक करायची पद्धत १६ च्या पटीतच काम करते, म्हणून भर घालून २०८. त्यावर १६ बाइटचा आयव्ही (सांकेतिक करताना सुरुवातीला लागणारा आकडा), ८ बाइटचं ईएसपी हे आयपीसेकचं हेडर, १२ बाइटची पडताळणी आणि बाहेरचं नवं २० बाइटचं आयपी हेडर. झाले २६४. सेकंदाला ५० पॅकेटनी १०५.६ किलोबिट.

आठ कॉलचे ८४४.८. क्यू ६६० चा. सहा कॉलचे ६३३.६, सातव्याला ७३९.२. काल डोळ्यांनी पाहिलं तेच.

टनेल बसवलं तेव्हा फोनची मर्यादा कुणीच पुन्हा काढली नाही. टनेल नेटवर्कवाल्यांचं, मर्यादा फोनवाल्यांची, आणि दोघं एकाच खोलीत बसतात. त्या दोघांपैकी एक मी आहे, तेव्हा जास्त बोलत नाही.

१० जून, सोमवार

वहीतला आकडा ६४० वरून ४८० केला, म्हणजे सहा कॉल. फोन चालू असतानाच बदलता आला. चालू कॉल तुटले नाहीत, फक्त नवे अडले.

१२ जून, बुधवार

सहाव्या कॉलला खरखर! पूर्वीसारखे शब्द गळत नाहीत, पण मधूनच ‘टक्’ असा आवाज. तीही लेखा विभागाने मोठ्या फायली पाठवायला घेतल्या की मगच. मागच्या बुधवारी सहा कॉलला काहीच कसं झालं नाही, याचं उत्तर यातच आहे. आमचा राउटर लाइन तुंबल्याशिवाय प्रायॉरिटी क्यूची छाटणी करत नाही. त्या दिवशी सहा कॉल होते तेव्हा बाकी लाइन मोकळी होती, त्यामुळे जास्तीचं खपून गेलं.

पण ६३३.६ तर ६६० मध्ये बसतात, मग जास्तीचं आलं कुठून? तासभर गेला. राउटर क्यूची मोजणी इथरनेटचं, म्हणजे तारेवरच्या जोडणीचं, आवरण धरून करतो. आणखी १८ बाइट. २६४ नाही, २८२. कॉलला ११२.८, सहांचे ६७६.८. जागेपेक्षा १६.८ जास्त, म्हणजे चाळिसातलं एक पॅकेट जाणार. त्या ‘टक्’चा हिशेब जुळला.

आज आकडा ४००. वहीत आठ होते, तारेत पाचच बसतात.

१४ जून, शुक्रवार

आवाज स्वच्छ झाला आणि लगेच दुसरी ओरड सुरू झाली: फोन लागतच नाहीत. अपेक्षितच होतं. आता अंदाजाने काही करायचं नाही असं ठरवून कॉलच्या नोंदी काढल्या.

‘ख’चा सर्वांत गर्दीचा तास ११ ते १२. त्या तासात मुख्य कार्यालय आणि ‘क’कडे जाणारे-येणारे मिळून ५८ कॉल, सरासरी ३ मिनिटांचे. ५८ गुणिले १८० भागिले ३६००, म्हणजे २.९ अर्लांग (एका वेळी सरासरी चालू असलेले कॉल). कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या ए. के. अर्लांग यांनी १९१७ मध्ये मांडलेलं, किती कॉल नाकारले जातील ते सांगणारं सूत्र अजून तसंच लागू पडतं, कारण माणसांची फोन करायची तऱ्हा कोडेकने बदललेली नाही. २.९ ला पाच जागा दिल्या तर १० टक्के कॉल नाकारले जातात. सहा दिल्या तर ४.७ टक्के. सात दिल्या तर १.९, आणि आठांना ०.७.

म्हणजे ज्याने कधीतरी आठ ठरवले होते त्याचं गणित बरोबर होतं. गरज आठचीच आहे. जागा पाचची आहे.

पोस्टइट लावावी तशी एक गोष्ट इथे लावून ठेवतो: सरासरी २.९ कॉल चालू असतात म्हणून तीन जागा पुरतील, असं बैठकीत कुणीतरी हमखास म्हणणार. तीन जागांत तिसातले दहा परत जातील.

१७ जून, सोमवार

बैठक झाली. (वरचं वाक्य कुणीतरी म्हणालंच.)

एक मत: प्रायॉरिटी क्यू ३३ वरून ५० टक्के करा. मी नको म्हटलं. ती लाइन फक्त फोनची नाही, आणि क्यू जितका मोठा तितका बाकीच्यांचा गळा आवळतो. दुसरं मत: लाइनच मोठी घ्या. मंजूर, पण त्याला वेळ लागेल. तिसरं: ठिकाणा-ठिकाणांमधले कॉल जी.७२९ वर न्या, शाखेच्या आतले जी.७११ वरच राहू द्या. आत जागेची टंचाई नाही, तिथे आवाज कशाला घासायचा?

जी.७२९ म्हणजे ८ किलोबिट. ६४ च्या जागी ८ ऐकून सगळ्यांच्या डोळ्यांत चमक आली, आठपट बचत! ती चमक घालवण्याचं काम माझ्याकडे आलं. २० मिलिसेकंदांत आवाज फक्त २० बाइटचा. त्याला ४० बाइट हेडर, झाले ६०. टनेलमध्ये १२०. इथरनेट धरून १३८. म्हणजे २० बाइटच्या चिठ्ठीला ११८ बाइटचं पाकीट. कॉलला ५५.२ किलोबिट. ११२.८ च्या जवळपास निम्मे, बस्स. चिठ्ठी आठपट लहान झाली, पाकीट होतं तेवढंच राहिलं.

मग पॅकेट ४० मिलिसेकंदांचं करायचं का? तेही काढून पाहिलं. टनेलमध्ये १५२ बाइट, इथरनेटसकट १७०, सेकंदाला २५ पॅकेट, म्हणजे कॉलला ३४ किलोबिट. मोह होतो. पण उशीर २० मिलिसेकंदांनी वाढतो, आणि एक पॅकेट हरवलं की दुप्पट लांबीचा तुकडा जातो, अख्खं अक्षर गिळलं जातं. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या जी.११४ शिफारशीत एका दिशेचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत ठेवायला सांगितलंय. आम्ही त्यात बसलो असतो, पण गरज नसताना ती जागा का खर्चायची?

ठरलं: जी.७२९, २० मिलिसेकंद. वहीत एका कॉलचे २४, आठ कॉलचे १९२. तारेत ४४१.६. आरामात बसतंय. फॅक्सचं एक यंत्र आहे, त्याला यातून वगळून टी.३८ या फॅक्ससाठीच्या पद्धतीवर टाकलं.

आवाजाबद्दल प्रामाणिक नोंद: जी.७२९ चा आवाज थोडा डबक्यातून आल्यासारखा वाटतो. जी.७११ ची सवय असलेल्यांना पहिले दोन दिवस खटकणार. तुटक्या जी.७११ पेक्षा अखंड जी.७२९ बरा, हे ताईंनी पाच मिनिटांत मान्य केलं. बैठकीला पाऊण तास लागला.

२० जून, गुरुवार

साडेअकराला ‘ख’मधून फोन, अर्थात मोबाइलवरून: “तीनच कॉल चालू आहेत आणि चौथा लागत नाही. आठ म्हणाला होतात ना?”

दोघं जण मुख्य कार्यालयाच्या कॉन्फरन्समध्ये होते. कॉन्फरन्स ब्रिजला (अनेकांचे कॉल एकत्र जोडणाऱ्या यंत्राला) जी.७२९ येतच नाही, त्यामुळे ते दोन कॉल जी.७११ वर गेले. वहीत दोनदा ८० म्हणजे १६०, शिल्लक ३२, त्यात एक २४ चा कॉल. चौथ्याला जागा नाही. तारेत त्या वेळी २८०.८ किलोबिट, म्हणजे क्यू निम्म्याहून जास्त रिकामा! लाइन मोकळी आणि वही म्हणते भरलं.

परवाच्या गणितात मी एक गोष्ट धरली नव्हती. वही आणि तार यांचं प्रमाण प्रत्येक कोडेकला वेगळं पडतं. जी.७११ वहीत ८०, तारेत ११२.८, म्हणजे १.४१ पट. जी.७२९ वहीत २४, तारेत ५५.२, म्हणजे २.३ पट. लहान कोडेक वहीला फसवतो, मोठा कोडेक वही अडवून बसतो. तेव्हा वहीचा आकडा ठरवताना सर्वांत लहान कोडेक धरायचा. सगळे कॉल त्याच कोडेकचे असले तरी क्यूत मावतील, असा सर्वांत मोठा आकडा घ्यायचा. ६६० मध्ये ५५.२ चे अकरा बसतात, ६०७.२. अकरा गुणिले २४, २६४. यात जी.७११ कितीही मिसळले तरी तारेतला भार वाढत नाही, उलट कमीच होतो. मर्यादा २६४ केली.

ब्रिजच्या अलीकडे, मुख्य कार्यालयातच, ट्रान्सकोडर (एका कोडेकचा आवाज दुसऱ्यात बदलणारं यंत्र) लावायचं कामही घेतलंय. मग लाइनवरून कॉन्फरन्सचे कॉलही जी.७२९ नेच जातील.

होल्डचं संगीतही आज सापडलं. ‘ख’मधल्या दोघांचा आपसातला कॉल होल्डवर गेला की संगीत मुख्य कार्यालयातून लाइनवरून यायचं. शेजारच्या टेबलावरच्या माणसाला थांबवायला लाइनवरची एक जागा! शाखांमध्ये संगीत बंद केलं, तिथल्या तिथे वाजणारा साधा बीप लावला.

२४ जून, सोमवार

नाकारलेल्या कॉलचं काय करायचं, हे आज घेतलं. खरं तर हे पहिल्या दिवशीच घ्यायला हवं होतं.

सर्व्हर नाकारताना ५०३ (‘सेवा उपलब्ध नाही’ हा संकेत) पाठवत होता आणि फोन त्यावर नुसता भराभर बीप वाजवायचा. माणसाला वाटणार फोन बिघडला, तो पुन्हा पुन्हा लावत बसणार. कुणीतरी सुचवलं, ध्वनिमुद्रित सूचना ऐकवू. चांगली कल्पना, फक्त सूचना वाजणार मुख्य कार्यालयातून, त्याच भरलेल्या लाइनवरून. शेवटी फोनच्या पडद्यावर मजकूर टाकला: ‘शाखेची लाइन भरली आहे’.

त्याही आधी पर्यायी वाट दिली. जागा नसेल तर कॉल ‘ख’च्या स्वतःच्या बाहेरच्या लाइनवरून जाईल. त्यासाठी समोरच्या तीन आकडी एक्स्टेन्शनवरून त्याचा बाहेरचा पूर्ण नंबर सर्व्हरला काढता आला पाहिजे. तो तक्ता भरायला दुपार गेली. ज्यांना बाहेरचा नंबरच नाही ते फोन त्यांच्या ठिकाणच्या रिसेप्शनवर वळवले.

बाहेरच्या लाइन चार आहेत. ओसंडलेल्या कॉलना तीनच दिल्या, चौथी आपत्कालीन कॉलसाठी राखली. आपत्कालीन कॉल टनेलमधून जायचाच नाही आणि वहीतही धरायचा नाही, हे तिन्ही ठिकाणी तपासलं. गोदामात ते चुकलेलं निघालं: तिथला कॉल मुख्य कार्यालयाच्या लाइनवरून बाहेर पडत होता, म्हणजे मदत भलत्याच पत्त्यावर गेली असती. आजच दुरुस्त केलं. या सगळ्या प्रकल्पात दुसरं काही झालं नसतं तरी एवढ्यासाठी तो करायला हवा होता.

२७ जून, गुरुवार

सकाळी नऊ. ‘ख’मध्ये चार माणसं आलेली, एकही फोन चालू नाही, आणि वहीत शिल्लक शंभराच्या आत.

काल दुपारी तिथली लाइन सात मिनिटं गेली होती. त्या वेळी चालू असलेल्या सात कॉलवाल्यांनी फोन ठेवले, पण ‘ठेवला’ हा निरोप सर्व्हरपर्यंत पोहोचलाच नाही. त्याच्या लेखी ते सातजण रात्रभर बोलतच होते. सात गुणिले २४, १६८ किलोबिट वहीत अडकलेले. भुतांनी जागा धरून ठेवली म्हणायची.

यावर उपाय सिपमध्येच (कॉल लावायच्या-संपवायच्या नियमांत) आहे: आरएफसी ४०२८ या इंटरनेट मानकातला सेशन टायमर. ठराविक वेळाने दोन्हींपैकी एक बाजू ‘अजून आहे’ असं कळवते, नाही कळवलं तर कॉल संपला असं धरतात. आमच्याकडे तो बंद होता. चालू केला, १८०० सेकंदांवर. मग वाटलं, ऐन गर्दीत लाइन गेली तर अर्धा तास थांबायचं? ६०० केला. त्याहून खाली जायचा आग्रह धरला नाही, निरोपांची ये-जा उगाच वाढते.

शिवाय रोज पहाटे वहीतला आकडा आणि खरे चालू कॉल ताडून पाहणारी छोटी स्क्रिप्ट लावली. फरक आढळला तर मला मेल येतो. स्क्रिप्ट स्वतः काही दुरुस्त करत नाही. वही आपोआप कोरी करणारं यंत्र एखाद्या दिवशी चालू कॉलही पुसेल, अशी मला भीती वाटते.

१ जुलै, सोमवार

गोदाम. तिथे साधं ब्रॉडबँड: खाली येताना १० मेगाबिट, वर जाताना १. आवाज दोन्ही दिशांना सारखाच लागतो, म्हणून हिशेब १ चाच. जाहिरातीतला आकडा नेहमी खाली येणारा असतो.

इथे राउटरवर क्यू लावून उपयोग नव्हता, कारण रांग आमच्या राउटरवर लागतच नव्हती, ती मोडेमच्या पोटात लागायची, आणि मोडेमला आमची खूण कळत नाही. राउटरवरच वेग ९०० वर बांधून टाकला. आता तुंबतं ते आमच्या दारात, आणि कुणाला आधी सोडायचं ते आमच्या हातात. पुढे इंटरनेटवर ईएफच्या, म्हणजे ‘आवाजाला आधी सोडा’ म्हणणाऱ्या, खुणेला कुणी विचारत नाही, तिथे नशीब.

टनेल मोडेमच्या नॅटमागे (पत्ते बदलून देणाऱ्या सोयीमागे) असल्यामुळे आणखी ८ बाइटचं यूडीपी आवरण. कॉलला ५८.४. क्यू ३३ टक्के म्हणजे २९७, गणिताने पाच कॉल बसतात. मी चारच दिले, वहीत ९६. सहा फोन आहेत तिथे, आणि दोघं तर दिवसभर रॅकमध्येच असतात.

४ जुलै, गुरुवार

‘क’मधले एक साहेब लॅपटॉपवरचा फोन घेऊन ‘ख’मध्ये आठवडाभर बसले होते. वही त्यांचे कॉल ‘क’च्या खात्यावर टाकत होती, लाइन मात्र ‘ख’ची वापरली जात होती. आता ठिकाण उपकरणाच्या नोंदीवरून नाही, आयपी पत्त्याच्या पट्ट्यावरून ठरतं. ते पुन्हा ‘क’ला गेले की तपासायचं बाकी आहे.

आज ११ ते १२ मध्ये ‘ख’ला सर्वाधिक नऊ कॉल एका वेळी. नाकारलेला एकही नाही, क्यूतली गळती शून्य. ट्रान्सकोडर सोमवारी बसेल. ‘ख’च्या मोठ्या लाइनचा अर्ज गेला आहे. ती आली की ६६० बदलेल, आणि ६६० बदलला की २६४ बदलायचा. हे दोन्ही आकडे एकाच कागदावर, शेजारी शेजारी लिहून रॅकच्या दाराला आतून चिकटवलेत, खाली टनेलच्या आवरणाच्या हिशेबासकट. ताईंनी विचारलं, हे काय. म्हटलं, तुमच्या फोनची जन्मपत्रिका. त्या म्हणाल्या, “मग माझ्या टेबलावरही एक प्रत ठेवा, तुम्ही लोक बदलता.”

ठेवली.